गंगाक्काच्या घरचं दुसरं ताट

आपल्या मासिकाच्या या सदरात लोकांचे अनुभव छापून येतात. ते मी वाचतो, आणि खरं सांगायचं तर वाचून पान उलटतो. शाळेत मुलांना शास्त्र शिकवणारा माणूस मी. वाड्यावस्त्यांवरची भुतं, अंगात येणं, नजर लागणं – यातल्या कशावर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं मी म्हणणार नाही. पण एका दुपारी जे घडलं ते इतकी वर्षं मनात घेऊन बसलो आहे, आणि ते कोणाला तरी सांगावं असं आता वाटू लागलं आहे.

ही गोष्ट दुसरी लढाई सुरू होण्याआधीची. मी बेळगावात, खडेबाजाराच्या मागच्या एका गल्लीत आईबरोबर राहत होतो. माझा धाकटा भाऊ वसंत निपाणीला तंबाखूच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला होता. गावोगाव फिरून उभं पीक बघायचं आणि मालकाला कळवायचं, हे त्याचं काम. स्वभावानं तो माझ्या अगदी उलट. मी पुस्तकात, तो माणसांत. आणि जेवणाची त्याला भारी हौस. त्याच्या पत्रांत तब्येत दोन ओळी आणि बाकी सगळं खाणं – कुठल्या गावात अंबाडीची भाजी जोंधळ्याच्या कण्या घालून केली होती, कुठल्या गुऱ्हाळावर गरम गुळाबरोबर ओलं खोबरं मिळालं. शेवटच्या वर्षभरात एकाच घराचं नाव वारंवार येत होतं. गंगाक्का. "अण्णा, एकदा ये. गंगाक्काच्या हातचं दही खाशील तर बेळगावचं विसरशील. पुस्तकं कुठं पळून जात नाहीत."

मी गेलो नाही. दर खेपेला परीक्षा, नाहीतर काहीतरी असायचं.

त्या हिवाळ्यात वसंत आजारी पडला आणि तीन आठवड्यांत गेला. निपाणीच्या डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. पाण्यातून होतो म्हणाले, त्याच्या गल्लीत आणखी दोघं त्याच तापानं पडून होते. हे सगळं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरीही पुढे मी जे केलं ते केलं, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

तेराव्यानंतर बाळाप्पा म्हणून एक शेतकरी समाचाराला आले. तवंदीचा घाट ओलांडून संकेश्वरकडे जाताना लागणाऱ्या एका गावचे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गंगाक्का अजून आहेत. वसंत बाळाप्पांचा तंबाखू बघायला जायचा. ते आईसमोर काही बोलले नाहीत. मी त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गेलो तेव्हा वाटेत थांबले.

"मास्तर, राग न्हाई धरायचा. डागदर ताप म्हनतोय. खरं आमच्या गावात विचारा कुनालाबी. वसूअण्णाला मद्दू घाटला."

मद्दू म्हणजे कानडीत औषध. पण आमच्या सीमेवरच्या खेड्यांत त्याचा आणखी एक अर्थ आहे. काही घराण्यांत म्हणे सासूकडून सुनेकडे एक औषध येतं. ते वर्षातून एकदा कोणाच्या तरी जेवणात घालावंच लागतं, नाहीतर ते घरच्यांवर उलटतं. घरचं माणूस वाचवायचं म्हणून पाहुण्याला घालतात. तो झिजून मरतो. लहानपणी आम्हीही ऐकलं होतं, अमक्या गल्लीतल्या अमक्या घरी पाणी पिऊ नका.

"गंगाक्का?" मी विचारलं.

"तुम्हीच नाव घेतलासा. नवरा गेला, सासरा गेला, आता पाव्हना गेला. गावानं वाळीत टाकलंय, खरं आमच्या तोंडाला कचेरीत कोन विचारतंय? तुमच्यासारख्यानं मामलेदाराला अर्ज लिवला, तर तिला गाव सोडाय लागंल. भाऊ गेलाय तुमचा."

मी त्यांना मोटारीत बसवून परतलो. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून मी तो अर्ज लिहिला. माझ्या चांगल्या अक्षरात, सबळ संशय, सखोल चौकशी, असे शब्द घालून. सही केली नाही. घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. आईला सांगितलं नाही, बाळाप्पांना कळवलं नाही. आधी ते घर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मग सही करायची, असं ठरवलं. न बघता सही करणं मला लबाडीचं वाटत होतं. पण बघण्याआधीच लिहून ठेवणं वाटलं नाही... माणसाचं मन असंच असतं.

रविवारी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं निघालो. फाट्यावर उतरलो तेव्हा उन्हं वर आली होती. वाटेवरच बाळाप्पांचं गुऱ्हाळ. आमच्याकडे गुऱ्हाळावरून वाटसरू तोंड कोरडं घेऊन जात नाही. मला बघताच त्यांनी आलं पिळून रसाचा तांब्या हातात दिला, केळीच्या पानावर गरम गूळ काढला. इतका आग्रह की नको म्हणता येईना.

"तिच्याकडं चाललाय? जावा. खरं पानीबी तोंडाला लावू नका. काय इचारायचं ते दारातनं इचारा आनि या. अर्जाचं मग बसून बोलू."

वस्ती तिथून पाव मैलावर. दोन्ही बाजूंना बाळाप्पांचा ऊस, आणि मध्येच बेटासारखं गंगाक्काचं रान – त्यात एक बांधीव विहीर, भरलेली. ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. बाळाप्पांचा कळवळा जरा वेगळा दिसू लागला. पण विहीर चांगली आहे म्हणून बाई निर्दोष ठरते असंही नाही, हेही मी मनाशी म्हटलं. त्या दिवशी मला सगळ्यांचाच संशय येत होता.

गंगाक्का दारात आल्या. पन्नाशीच्या, किडकिडीत, कपाळ मोकळं. मी नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "संकेश्वरला चाललोय. ऊन लागलं म्हणून टेकतो."

"या की. पानी ठेवलंय, पाय धुवा. ताट वाढायचंच ऱ्हायलंय."

ओसरीवर दोन पाट मांडलेले होते. दोन तांबे. आतून तुपाचा आणि खपली गव्हाच्या खिरीचा वास येत होता. हुग्गी म्हणतात तिला. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा – खपली आदल्या दिवशी भिजत घालावी लागते. ही बाई कालपासून कोणाची वाट बघत होती?

मी विचारलंही. "आज काही सण आहे?"

"आमच्या मालकांचा दिवस हाय. ह्या दिवशी पाव्हना जेवल्याबिगर मी जेवत न्हाई. गावातलं कोन येत न्हाई. म्हटलं, बघू."

उत्तर सरळ होतं. मला ते जरा जास्तच सरळ वाटलं.

त्यांनी पहिलं ताट आणलं. जोंधळ्याची पातळ भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाची चटणी, फोडलेला कांदा, खीर, आणि मधोमध मोठी वाटी भरून दही. मग दुसरं आणलं. त्यात हेच सगळं, आणि वर कारळ्याचं कूट भरलेली दोन वांगी. माझ्या ताटात वांगं नव्हतं. लहानपणापासून वांग्यानं माझा घसा सुजतो. आमच्या घरात ते माझ्या पानात कधीच पडत नाही.

"दुसरं ताट कोणाचं?" मी विचारलं.

त्या हसल्या. "आता गं बाई! तुमच्या भावाचं की. म्होरं आले, हात धुवाय हिरीवर गेलेत. येतील आता."

मी नाव सांगितलं नव्हतं. भाऊ म्हटलं नव्हतं.

"कोण भाऊ?"

"वसूअण्णा ओ! चूल फुकत हुते, तर दारातनं आवाज. 'आक्का, माझा अण्णा येतोय मागनं. त्याला वांगं वाढू नगंसा.' मी म्हटलं, इतकं दिवस कुठं हुतासा? तर हसले नुसतं. आनि म्हनले, 'त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात कागद हाय. त्यो भाईर काढून ठेवू दे, मग जेवू दे. न्हाईतर घास उतरायचा न्हाई त्याला.' कसला कागद ओ?"

भर दुपार होती. समोर विहीर दिसत होती, तिच्यावर ऊन पडलं होतं, आणि तिथे कोणी नव्हतं. मी उठून विहिरीपर्यंत गेलो. काठाचा दगड ओला होता. पण विहिरीचा दगड ओला असण्यात काय नवल? मागे गोठा, तिथे एक गाय. उसात कोणी दडलं असेल म्हणून बांधावरून हाक मारली. "वसू" अशी नाही. "कोण आहे रे?" अशी.

परत आलो आणि सरळ म्हणालो, "आक्का, वसंत जाऊन तीन आठवडे झाले. तुम्हाला माहीत नाही?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, जसा कॉपी करणाऱ्या मुलाकडे बघतो तसा. त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. भिंतीला धरून बसल्या. म्हणाल्या, "मला कोन सांगनार, बाबा? माझ्यासंगट बोलतंय कोन?"

आणि मग, अगदी बारीक आवाजात, "मग आत्ता दारात कोन बोललं?"

एक तर ती बाई फार मोठी नटी होती, किंवा तिला खरंच ठाऊक नव्हतं. तेव्हा मला ठरवता आलं नाही. मी कागद काढला. सांगितलं, तुमच्याविरुद्धचा अर्ज आहे. मद्दूचा. सही व्हायची आहे.

मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर शाप देतील. त्या उठल्या, माझ्या ताटातल्या भाकरीचा कोपरा मोडला, भाजीला, चटणीला, दह्याला लावून माझ्यासमोर खाल्ला. खिरीचंही बोट चाटलं.

"हे बघा, चाखलं न्हाई तर मद्दू म्हनत्यात, चाखलं तर उष्टं म्हनत्यात. मी काय करू सांगा. वसूअण्णा पैल्यांदा आले तवाबी मी असंच चाखलं. तर म्हनाले, 'आक्का, सगळं खाऊन टाकशील, मला ठेव.'"

हे मात्र वसंतचंच बोलणं. अगदी त्याचंच.

मी उष्टं खाणारा माणूस नव्हतो. दुसऱ्याच्या घरी पाणी पितानाही तांब्या वरून धरणारा. मी कागद चुलीपाशी नेला आणि आत सरकवला. तो लगेच पेटला नाही. आधी कडा काळ्या झाल्या. मग ओसरीवर येऊन पाटावर बसलो आणि जेवलो. ते दही मी काय वर्णू? वसंतनं पत्रात लिहिलं होतं ते कमीच होतं. जेवताना पहिल्यांदा मला रडू आलं. तो गेल्यापासून आलं नव्हतं.

माझं ताट संपलं. दुसरं तसंच होतं. कोणी आलं नाही. गंगाक्का म्हणाल्या, "वाढल्यालं ताट माघारी न्हेत न्हाईत. गाईला घालते." मी ते ओढून घेतलं. वांग्यासकट खाल्लं. घशाला काही झालं नाही.

परतताना गुऱ्हाळावर बाळाप्पा वाटच बघत होते. चार माणसंही जमली होती. एकानं मला बघून रसाचा तांब्या भरला.

"काय मास्तर? लिवायचा न्हवं अर्ज?"

"नाही," मी म्हणालो. "मी तिथं जेवून आलोय."

तांब्या पुढे येता येता थांबला. तो माणूस बाळाप्पांकडे बघू लागला. बाळाप्पा एक पाऊल मागे सरले. मला नंतर वाटलं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. त्या माणसानं रस परत कढईत ओतला. सकाळी आग्रह करणाऱ्या त्याच गुऱ्हाळावरून मी तोंड कोरडं घेऊन संकेश्वरपर्यंत चालत गेलो.

आता माझं सांगणं एवढंच. वांग्याचं वसंतनं तिला कधीतरी बोलता बोलता सांगितलं असेल. माझा चेहरा त्याच्यासारखा आहे, त्यावरून तिनं ओळखलं असेल. घशाचं म्हणाल, तर वयानं माणसाची प्रकृती बदलते. हे सगळं मी मानतो. पण कागद? रिकाम्या वर्गात लिहिलेला, कोणालाही न दाखवलेला, आतल्या खिशातला कागद? बाळाप्पांना मी कागद लिहीन अशी आशा होती, पण तो लिहून झालाय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. कोट जाडा होता, कागद बाहेरून दिसत नव्हता. मी हे सगळं तपासून बघितलं आहे.

आणि एक कबूल करतो. त्या जेवणानंतर कित्येक दिवस मी रोज सकाळी उठून पोटावर हात ठेवून बघत होतो. चुलीत कागद घातल्यानंतरही. एवढं खाल्ल्यानंतरही. काही झालं नाही, आणि मग मला त्याची लाज वाटू लागली. ती अजून गेलेली नाही.

दर वर्षी त्या दिवशी मी गंगाक्कांकडे जातो. त्या दोन ताटं वाढतात. मी विचारत नाही की दारात कोणी काही बोललं का. त्याही सांगत नाहीत. दोन्ही ताटं मी संपवतो. हे काय आहे याचा उलगडा मला झालेला नाही. वाचकांपैकी कोणाला झाला तर त्यांनी जरूर लिहावं. पण मला पटवायला येऊ नये, अशी विनंती आहे.