नाव नसलेल्या जहाजाची नाणी

कमळाताई भाटकर आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. मी ग्रंथालयात होतो. १९९८ च्या नोव्हेंबरात कॉलेजचे मोडके पितळी बर्नर विकायला आम्ही दोघं हरिश्चंद्र भंगारवाल्याकडे गेलो. तिथं वजनकाट्यावर नारळाएवढा एक हिरवा गोळा ठेवला होता. ताईंनी तो उचलला, उलटा केला आणि कडेवरनं नख फिरवलं. एकावर एक रचलेल्या चकत्यांसारखे बारीक पदर तिथं दिसत होते.

"हे कुठनं आलं?" त्यांनी विचारलं.

"पूर्णगडच्या सखारामच्या जाळ्यात. तांबं आहे. उद्या वितळवायला जाईल."

"नको पाठवू. मी घेते."

मिक्सरसाठी बाजूला काढलेले पैसे त्यांनी तिथल्या तिथं मोजून दिले. संध्याकाळी त्यांचे यजमान आत्माराम एसटीच्या वर्कशॉपमधून घरी आले, पिशवीत डोकावले आणि म्हणाले, "अगो, हा कसला मिक्सर?"

"जुनी नाणी आहेत, अहो. समुद्रात चिकटून बसलेली."

आत्माराम स्वभावाने गरीब. त्यांनी न्हाणीघरातली एक बादली मोकळी करून दिली.

कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, आम्लात टाका, एका दिवसात सुटतील. ताईंनी गोळ्यातून आधीच निखळलेलं एक नाणं आम्लात टाकून बघितलं. बाहेर आलं ते नव्या कोऱ्या तांब्यासारखं लखलखीत, पण दोन्ही बाजूंनी कोरं. अक्षर नाही, चित्र नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात येऊन त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं.

"इतकी वर्षं समुद्रानं नाही पुसलं, ते मी दहा मिनिटांत पुसलं," त्या म्हणाल्या. "आता घाई करायची नाही."

मग आम्ही दोघांनी मिळून पुस्तकं धुंडाळली. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा शुद्ध पाण्यात मिसळायचा, त्यात गोळा बुडवून ठेवायचा आणि दर आठवड्याला पाणी बदलायचं, एवढा साधा उपाय निघाला. फक्त वेळ लागणार होता. बॅटरीत घालायच्या पाण्याचे कॅन आत्माराम सायकलला अडकवून आणत. पहिलं नाणं सात महिन्यांनी सुटलं. शेवटचं सुटायला २००१ चा पावसाळा उजाडला. एकूण त्रेसष्ट नाणी निघाली. एका बाजूला तराजू, दुसऱ्या बाजूला कंपनी सरकारचं चिन्ह आणि १८०४ साल. तराजूच्या पारड्यांमध्ये फारसी अक्षरं होती. राजिवड्यातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी ती वाचली, "अदल. म्हणजे न्याय."

ही गोष्ट गावात पसरली. पुढच्या वर्षी मुंबईहून नाण्यांचा एक व्यापारी आला. त्यानं चांगली वीस नाणी निवडली आणि ताईंच्या वर्षभराच्या पगाराएवढा आकडा सांगितला.

"जहाजाचं नाव कोणतं?" त्यानं विचारलं.

"ठाऊक नाही."

"मग आपण एखादं घालू. दाखला छापून देतो. नावासकट किंमत तिप्पट होते."

"खोटं नाव?"

"बाई, समुद्राखाली जाऊन कोण बघणार आहे?"

ताईंनी त्याच्या पुढ्यातली वीसच्या वीस नाणी उचलली आणि परत डब्यात ठेवली. "मी शोधीन नाव," त्या म्हणाल्या. "आणि ही एकत्रच राहतील."

रविवारी त्या पूर्णगडला गेल्या. सखाराम पडवीत जाळं विणत बसला होता. नाणी बघायलासुद्धा तो तयार नव्हता. बुडालेल्या माणसांचं सामान घरात ठेवू नये, म्हणूनच त्यानं गोळा भंगारात घातला होता. जाळं नेमकं कुठं अडकलं, असं ताईंनी विचारल्यावर त्यानं मान हलवली.

"जाळा जिथं फाटतं, मासळी तिथंच मिळते, बाय. ती जागा माझ्या बापानं मला दाखवली. ती नाय सांगायचो."

"नका सांगू. पण आणखी काही मिळालं तर भंगारात घालू नका. मला कळवा."

दर वर्षी नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, की ताई पूर्णगडला जात. किनाऱ्यावर कुणाच्या जाळ्यात एखाददुसरं नाणं आलेलं असे, ते योग्य भाव देऊन घेत. कुणी दिलं, कधी, किती वाव खोल पाण्यात मिळालं, सगळं वहीत लिहीत. सखारामची बायको तुळसा त्यांना जेवल्याशिवाय सोडत नसे. जागेचा विषय मात्र ताईंनी पुन्हा काढला नाही. इकडे माझ्याकडून इंग्रजीत पत्रं लिहून घेत. मुंबईच्या दप्तरखान्याला चार, लंडनला दोन. उत्तरं आली. त्या सुमारास पूर्णगडजवळ जहाज बुडाल्याची नोंद कुठंच नव्हती.

२००६ साली सखारामच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि होडी पुतण्याकडे गेली. त्या वर्षी ताई निघताना तो स्वतःहून म्हणाला, "बाय, वही काढ." किल्ल्याचा बुरूज कशाच्या रेषेत धरायचा, डोंगराचं टोक कुठं दिसायला हवं, किती वाव दोरी सोडायची, सगळं त्यानं सांगितलं. ताईंनी एकेक शब्द लिहून घेतला.

पुढच्या जानेवारीत कॉलेजच्या सभागृहात ताईंनी नाण्यांचं प्रदर्शन मांडलं. चौऱ्याऐंशी नाणी, प्रत्येकाखाली कार्ड. जहाजाच्या जागी 'अज्ञात', खाली देणाऱ्याचं नाव, आणि मुख्य कार्डावर सखारामनं सांगितलेल्या खुणा. सखाराम आणि तुळसा एसटीनं आले. सखाराम काठी टेकत प्रत्येक कार्डापाशी थांबला. आपल्या नावापाशी जरा जास्त वेळ. मग ताईंना बाजूला बोलावून हळूच म्हणाला, "बाय, माझा नाव असू दे. पण पुतण्या अजून तितंच जाळा टाकतो गो."

ताईंनी माझ्याकडून कात्री मागून घेतली आणि सगळ्यांदेखत कार्डावरची खुणांची ओळ कापून काढली. ती पट्टी त्यांनी सखारामच्या हातात दिली.

"वहीतली राहू दे?" त्यांनी विचारलं.

"वहीतली राहू दे," तो म्हणाला.

जहाजाचं नाव अजून मिळालेलं नाही. ताई निवृत्त झाल्या, मीही झालो. गेल्या महिन्यात त्या घरी आल्या होत्या. जहाज पोर्तुगीजांचं असलं तर, म्हणून लिस्बनच्या दप्तरखान्याचा पत्ता त्यांनी कुठूनसा मिळवला होता, आणि पत्र आजच लिहायचं होतं.