आत्या कुणाची

आई गेली तेव्हा आम्ही तिघं भावंडं लहान होतो आणि बाबा गिरणीत. नवऱ्याने टाकलेली त्यांची बहीण गावाहून घाटकोपरच्या आमच्या खोलीत आली आणि तिने आम्हाला वाढवलं. पुढे बाबाही गेले. थोरला भाऊ बोरिवलीला ब्लॉकमध्ये राहायला गेला, मी लग्न होऊन मुलुंडला. आत्या धाकट्याकडेच राहिली.

गिरण्यांच्या संपानंतर धाकट्याची नोकरी गेली. त्याच सुमारास आत्या मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातून सोडायच्या दिवशी व्हरांड्यात उभं राहून थोरला म्हणाला, तिला गावी पाठवू. गावचं घर कधीपासून बंद पडलंय हे त्याला माहीत होतं. मी विचारलं, तिथे तिला उठवणार कोण? तर शांतपणे म्हणाला, "हे बघ, ती बाबांची बहीण. आपली आई नव्हे."

ताप आला की हाच तिच्या मांडीवरून हलायचा नाही. मी रागाने त्याच्याकडे पाठ फिरवली. धाकटा खाली बघत राहिला, त्याचाही राग आला. आत्याने खाटेवरून सगळं ऐकलं होतं. मी आत गेल्यावर एवढंच म्हणाली, "माका गावाक धाडू नको. थंय माझा कोण आसा?"

मी टॅक्सी करून तिला थेट मुलुंडला आणलं. वाटेत सासूबाईंची धास्ती. आमची खोली ती केवढी! त्यांनी दारातच ऐकून घेतलं आणि आपला पलंग आत्याला दिला. म्हणाल्या, मी खाली झोपते, मला काय धाड भरलीय?

आत्याने थोरल्याला निरोप धाडला, रविवारी येऊन मला चालव. तो एकदा आला, घड्याळ बघत तिला गॅलरीतून फिरवून गेला. नंतर त्याला कामंच कामं. धाकटा मात्र न बोलावता यायचा. हळूहळू सासूबाईंच्या खांद्याला धरून ती चालू लागली.

त्या वर्षी भाऊबीजेला थोरला मिठाईचा पुडा घेऊन हजर. मी पाट मांडला, धाकट्याला बसवलं, ओवाळलं आणि पाट उचलून भिंतीला लावला. थोरला उभाच. आत्या पलंगावरून म्हणाली, "ओवाळ गो त्याका. पोरगो माझो आसा."

तिचा असेल. मी ताट आत नेऊन ठेवलं.