निळ्या खडूची फुली

माझा मामा सुतार. हातात कसब भरपूर, तोंडाला मात्र कायमचं कुलूप. बोलायचं सगळं काम त्याने एका निळ्या खडूवर सोपवलेलं. सांधा ढिला दिसला की तिथे फुली. काम चोख असेल तर काहीच नाही, सरळ पुढच्या खुर्चीकडे वळायचा. "नजर बघा कशी आहे!" असं गिऱ्हाइकं कौतुकाने म्हणायची. त्यांचं काय जातंय म्हणायला? त्या नजरेखाली दिवस काढायची माझी मामेबहीण.

ताई शाळा संपल्यापासून त्याच्याच हाताखाली. सुरुवातीला तिच्या खुर्च्या फुल्यांनी भरून जायच्या. पुढे फुल्या कमी झाल्या, मग बंदच पडल्या. मामाच्या लेखी हीच शाबासकी. ताईला मात्र वाटलं, बाबा आता आपल्या कामाकडे बघतही नाहीत. पण विचारेल तर शपथ! बापाचीच लेक ती, मूग गिळून बसण्यात त्याच्याही एक पाऊल पुढे.

मग तिला फर्निचरच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवायला होते. ताईने विचारलं, "बाबा, जाऊ का?"

"जायचं असेल तर जा," म्हणून मामाने पाण्याचा पेला उचलला.

लेकीच्या वाटेत आपण यायचं नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. तिने ऐकलं ते असं, की आपल्यावाचून इथे काही अडत नाही. मला दोघांचाही राग आला. मामी तर म्हणाली, "तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडलं, तर आधी भिंतीच बोलतील."

शेवटच्या दिवशी ताईने एक खुर्ची पुरी केली. दृष्ट लागावी इतकी सुबक. मामाने ती उलटीपालटी करून पाहिली, सांध्यांवरून बोट फिरवलं आणि पाठीवर भली मोठी फुली मारली.

ताईचा बांध फुटला. "आता काय चुकलं? निदान जाताना तरी..."

"काही चुकलं नाही."

"मग फुली कशाला?"

मामा खडू बोटांत फिरवत राहिला. "फुली असली की तू दुसऱ्या दिवशी येऊन ते नीट करतेस," तो म्हणाला. "नको जाऊस गं. तुझ्यासारखा सांधा मलाही बसवता येत नाही."

ताई त्याच खुर्चीवर बसून रडली. "हे जेवताना का नाही बोललात, बाबा? आता मी त्यांना शब्द देऊन बसले."

मामाने फडक्याने फुली पुसली. दिलेला शब्द पाळायचा, हे तिला त्यानेच शिकवलं होतं, तेही चकार शब्द न बोलता.