आठ दिवसांच्या बोलीवर

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. बाजारात वांगी घेताना मी प्रत्येकाचा देठ उचलून बघतो. वाण्यानं तराजू धरला की माझी नजर काट्यावर नसते, त्याच्या करंगळीवर असते. घरात याची चेष्टा चालायची. बायको म्हणायची, मला बघायला आले तेव्हा माझी सावली पडते की नाही तेही यांनी पाहून घेतलं असणार. पाहिलं होतं की नाही ते आता आठवत नाही, पण तिचं म्हणणं अगदीच खोटं नसावं.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातल्या शेवटच्या काही वर्षांतली. आमचं गाव वसमतपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. थोडी कोरडवाहू जमीन, चाळीसेक मेंढरं, घरात आम्ही नवराबायको, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. मुलगा गावच्या शाळेत जायचा. मुलींना शाळेत घालायची रीत गावात नव्हती, म्हणून मुलगी मेंढरांमागे जायची.

एका दुपारी शाळेचे मास्तर धापा टाकत आमच्या शेतात आले. त्यांच्या हातात एक कागद होता.

"पोरानं कमाल केली आज," ते म्हणाले. "वसमतहून साहेब आले शाळा तपासायला. त्यांनी टेबलावर वीस जिनसा मांडल्या. दौत, टाक, कुलूप, लिंबू, अडकित्ता, असं काय काय. लेकरांना एक डाव पाहू दिलं, वरून दस्तीचं फडकं टाकलं अन् हळूच एक जिन्नस काढून घेतली. दस्ती उचलली की काय गेलं ते सांगायचं. तुमच्या पोरानं दहा डाव बराबर सांगितलं. साहेब म्हणाले, असं लेकरू सगळ्या तालुक्यात न्हाई."

"बरं मग?"

"वसमतला सरकारनं हुशार लेकरांचा येगळा वर्ग काढला. राहणं, खाणं, पुस्तकं, समदं फुकट. या कागदावर अंगठा न्हाईतर सही करा."

"काहून?"

"काहून म्हंजे? पोरगं हुशार हाय म्हणून."

"पोरगं हुशार हाय ते माझ्या कामाचं. सरकारच्या काय कामाचं?"

 पंधरा दिवसांत सही नाही झाली तर जागा दुसऱ्या गावच्या पोराला जाईल आणि पुन्हा मिळायची नाही, एवढं सांगून मास्तर कागद ठेवून गेले.

कागद उर्दूत होता. मला बाळबोध येत होती, मोडी येत होती, उर्दू येत नव्हती. मी तो कागद तीन गावांतल्या तीन माणसांकडून वाचून घेतला, आणि एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नाही. एक पटवारी, एक कापडवाला आणि एक म्हातारे मौलवी. तिघांनी अक्षराचाही फरक न करता तेच सांगितलं. माझा संशय आणखी वाढला. तिघांचं इतकं जुळलं कसं?

पारावर तर रोज नवीन निघायचं. कुणी म्हणे, पोरगं शेरवानी घालून परत येईल आणि आईला ओळखणार नाही. कुणी म्हणे, असली पोरं पुढे हैदराबादला नेतात आणि तिकडेच ठेवून घेतात. मी यातल्या एकाही गोष्टीवर विश्वास ठेवला नाही, आणि प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवली.

पण मला खरं खटकत होतं ते वेगळंच. वीस जिनसांतली एक ओळखण्यात एवढं काय होतं? आमच्याकडे संध्याकाळी मेंढरं परत आली की कुणी मोजत नाही. दारात उभं राहून नुसतं बघायचं. चाळीस तोंडं समोरून गेली की आपोआप कळतं, कानफाटी आली नाही, किंवा काळतोंडीचं कोकरू मागे राहिलं. मुलगा चालायला लागल्यापासून बहिणीबरोबर दारात उभा राहायचा. साहेबाला जी लाखातली हुशारी वाटली ती आमच्या घरातली रोजची सवय होती.

मी पडताळून पाहायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत गेल्यावर ओसरीवर पोतं अंथरलं, घरातल्या वीस वस्तू मांडल्या. पळी, खुरपं, सुतळी, दिव्याची काच, कातर, जे हाताला लागेल ते. वरून धोतर टाकलं. बायकोनं पहिल्या झटक्यात सांगितलं. मुलीनं तर धोतर पुरतं उचलायच्या आत सांगितलं, "कातर." मग तिनं वस्तू मांडल्या आणि मला ओळखायला लावलं. मला काही केल्या येईना. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा चुकलो. आणि घरात चौथीपर्यंत शाळा पुरी केलेला मी एकटाच!

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मला मात्र हसू येईना. शाळेनं माझं काय केलं हे मला पहिल्यांदाच दिसलं होतं. गावच्या साध्या शाळेनं एवढं नेलं, तर वसमतचा तो खास वर्ग काय करेल? ज्या गुणासाठी पोराला नेतायत तोच गुण ते चार वर्षांत पुसून टाकतील.

"बाबा," मुलगी वस्तू आवरता आवरता म्हणाली, "सायबानं मला काहून न्हाई विचारलं?"

 माझं सगळं ध्यान मुलात अडकलेलं होतं. तो प्रश्न पुढे कितीतरी वर्षांनी मला पुन्हा ऐकू आला, तेव्हा ती सासरी दोन लेकरांची आई झाली होती.

बैल घेताना आम्ही तो आठ दिवस चालवून बघतो. औताला कसा चालतो, वैरण कशी खातो, माणसावर धावतो का, हे पाहिल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. पंधरा दिवसांची मुदत संपायला आली तेव्हा मी मुलाला घेऊन वसमतला गेलो आणि वर्गाच्या मुख्य मास्तरांना हीच बोली घातली. आठ दिवस पोरगं ठेवतो, पटलं तर सही.

मास्तर पांढऱ्या दाढीचे, सावकाश बोलणारे होते. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "पटेल, बच्चा है, बैल नहीं," ते म्हणाले. तिकडे कुठल्याही शेतकऱ्याला पटेल म्हणायची रीत होती.

"म्हणूनच तर," मी म्हणालो. "बैल फसला तर दुसरा घेता येतो."

ते हसले आणि हो म्हणाले; सहीची मुदत वाढवून कागद स्वतःकडे ठेवून घेतला. इतक्या लवकर हो म्हणाले याचाही मला संशय आला.

वसमतमध्येच हळदीच्या आडतीवर माझा साडू कामाला होता. त्याच्याकडे मुक्काम टाकला आणि रोज सकाळी वर्गासमोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसू लागलो. आत काय चाललंय ते खिडकीतून दिसायचं. स्वयंपाक्याच्या भाकरीचा तुकडा मागून खाऊन पाहिला. पोरांचे गाल बसलेत का, नखं कापलीत का, कुणाच्या पाठीवर वळ आहेत का, सगळं पाहिलं. काही सापडलं नाही. काहीच सापडू नये हे मला बरं लक्षण वाटेना.

रोज संध्याकाळी मुलाला अर्धा तास बाहेर सोडायचे. पहिल्या दिवशी तो पळतच आला.

"कसं वाटून राहिलं?"

"लय चांगलं हाय बाबा! तिथं पृथ्वीचा गोळा हाय, फिरवला की फिरतो. अन् मास्तर म्हणले..." तो बोलत राहिला, मी ऐकत राहिलो. उर्दूचे पाच-सहा शब्दही त्यानं म्हणून दाखवले.

दुसऱ्या दिवशी तो थोडं कमी बोलला. तिसऱ्या दिवशी नुसतं "चांगलं हाय" म्हणाला. पाचव्या दिवशी माझ्याजवळ गप्प बसून राहिला. मी मनात म्हटलं, आता खरं बाहेर येतंय. आठव्या दिवशी मी विचारलं, तेव्हा तो जमिनीकडे बघत म्हणाला, "घरी चला बाबा. मला न्हाई राहायचं."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. माझा संशय खरा ठरला होता. दुसऱ्या दिवशी मास्तरांना सांगितलं तर ते चकित झाले. म्हणाले, आठ दिवसांत या पोरानं जे उचललं ते इतरांना महिन्यात जमलं नाही, पुन्हा विचार करा. विकणारा आपल्या जनावराची तारीफ करणारच, असं म्हणून मी गाडी जुंपली. वाटेत मुलगा कडब्यावर पडून होता. दमलं असेल लेकरू, मी म्हटलं.

दिवस मावळायच्या सुमाराला घरी पोचलो. बायकोनं पाय धुवायला पाणी दिलं, ताटं वाढली. मी वर्गाची एकेक उणीव सांगू लागलो. खरं तर उणिवा नव्हत्याच, मीच रचत होतो. मुलगी समोर बसून भावाकडे टक लावून बघत होती. मेंढरं आत येताना दारात उभी राहून बघायची तशीच.

"बाबा," ती मध्येच म्हणाली, "याला तिथंच राहायचं व्हतं."

"तोच म्हणला घरी चला म्हणून. विचार त्याला."

 मुलानं हातातला घास ताटात ठेवला.

"खरं सांग रे," मी म्हणालो.

"राहायचं व्हतं."

"मग घरी चला काहून म्हणला?"

त्यानं ताट थोडं पुढे सरकवलं. मग म्हणाला, "पयल्या दिवशी मी लय चांगलं हाय म्हणलो, तवा तुमचं तोंड कोकरू हरवल्यावानी झालं. मग मी रोज थोडं थोडं कमी सांगितलं. घरी चला म्हणलो तवा बराबर झालं."

मला जेवण गेलं नाही. आठ दिवस मी भाकरी तपासली, नखं तपासली, मास्तराची दाढी तपासली, आणि तेवढे आठ दिवस सात वर्षांचं पोर माझं तोंड तपासत होतं. पोरगं आपल्यापासून लांब जाईल या भीतीला मी संशय म्हणत होतो. बायकोला ते आधीच कळलं असावं, कारण ती उठून सकाळच्या भाकरींचं पीठ मळायला लागली. पीठ जास्तीचं होतं, वाटेच्या शिदोरीपुरतं.

तांबडं फुटताच मी पुन्हा गाडी जुंपली. वसमतला पोचलो तेव्हा वर्ग सुरू होता. मास्तरांनी नाव अजून खोडलं नव्हतं. त्यांनी मला काही विचारलं नाही. मुलाला जवळ बोलावून त्याच्यापुढे वाकले आणि म्हणाले, "बोलो बेटा. रहना है के जाना है?"

 मुलानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी हसून दाखवणार होतो. पण त्याला खोटं हसू ओळखायला कितीसा वेळ लागला असता? म्हणून मी पाठ फिरवली. समोर भिंतीवर एक नकाशा होता, त्याच्याकडे बघत उभा राहिलो. त्यावरची अक्षरं मला येत नव्हती.

"राहतो," मागून आवाज आला.

मी हात मागे करून कागद मागितला आणि तो भिंतीला टेकवूनच सही केली. कागद मागच्या मागे दिला आणि वळून न बघता दाराबाहेर पडलो. गाडी नाक्यापार जाईपर्यंत मान वळवली नाही.

त्याला माझं तोंड दिसलं नाही, एवढी काळजी मी घेतली. पण ज्याला चाळीस मेंढरांतलं एक हरवलेलं कळतं त्याला बापाची पाठ कळली नसेल का, हा संशय माझ्या मनातून अजून गेलेला नाही.