ढालवाल्याची गोष्ट

बोरखेडीच्या नत्थुजीला पोटासाठी वावर होतं आणि जिवासाठी गाव. वावरात तो जायचा, पण एखादा माणूस दूरच्या सोयऱ्याच्या तेराव्याला जातो तसा. खरा रमायचा तो गाव दाखवण्यात.

सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव. दाखवण्यासारखं असं त्यात काय असणार? एक पडकी गढी, एक दगडी बारव, वावरांच्या मधोमध देव नसलेलं एक हेमाडपंती देऊळ आणि त्या देवळासमोर उभा असलेला एक झिजका दगड. दगडावर ढाल घेतलेला माणूस आणि त्याच्या पायाशी दोन बैल कोरलेले. पण नत्थुजी दाखवू लागला की पाहुण्याला वाटायचं, आपण इतकी वर्षं उगीच दुसऱ्या गावात राहिलो. निरभ्र सकाळी तो लांबचा नरनाळा किल्लासुद्धा बोट करून असा दाखवायचा, की जणू रात्री तोच उचलून गोठ्यात ठेवतो. एकदा एक पाहुणा म्हणाला, "हा तं आमच्या गावावरूनबी दिसते."

"दिसते ना," नत्थुजी म्हणाला, "पण तुमाले त्याची पाठ दिसते. तोंड आमच्याकडं हाये."

गावात एक रीत होती. मुलगी पाहायला सोयरे आले की मुलीच्या बापानं त्यांना गाव दाखवायचं नाही. आपल्या ताकाला आंबट कोण म्हणतो? म्हणून हे काम गावातल्या दुसऱ्या कुणाचं. शिवार फिरून झालं की मारुतीच्या पारावर, सगळ्यांसमोर, पाहुण्यांनी गाव दाखवणाऱ्याच्या हातावर विडा ठेवायचा. हा विडा नत्थुजीच्या बापाला मिळायचा, आणि बापामागं नत्थुजीला. तो पानाचा विडा तोंडात धरून घरी येताना त्याची चाल अशी असायची की कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची.

आणि मग आला कापसाचा भाव.

साता समुद्रापलीकडं कुठंतरी भाऊ भाऊ लढत होते, त्यामुळं तिकडचा कापूस बंद आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस. का लढतात हे बोरखेडीत कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्यांचं इतक्यात मिटू नये असं पारावर रोज सगळ्यांना वाटायचं. ज्याच्या अंगाला धड बंडी नव्हती तो जरीचं पागोटं मिरवू लागला. आणि नत्थुजीच्या शेजारच्या किसनरावानं दमणी घेतली.

दमणी म्हणजे माणसं बसवायची हलकी बैलगाडी. पण ही साधी दमणी नव्हती. लाल छत, पितळी खिळे, बसायला गादी, आणि बैलांच्या शिंगांना चांदीच्या टोप्या. ती अंगणात उभी राहिली त्या दिवशी नत्थुजी जेवला नाही.

"काय झोंबून राहिलं तुमाले?" त्याची बायको माणिकबाई म्हणाली.

"मले? मले काय झोंबते? बैलाईची कीव येऊन राहिली. शिंगं जड झाले असतीन त्याईचे."

"बैल मजेत हायेत. भाकर खा."

खरा घाव पुढं होता. पंजाबराव पाटलांच्या जमुनेला आपल्या मुलासाठी पाहायला हिवरखेडचे महादेवराव येणार असं ठरलं. मोठं घर, मोठा माणूस. नत्थुजीनं पागोटं धुऊन वाळत घातलं, बारवेच्या पायऱ्या स्वतः झाडून काढल्या. तेवढ्यात पाटलांनी बोलावून घेतलं. पाटील घसा खाकरत म्हणाले, "नत्थुभाऊ, राग मानू नका. महादेवरावाईचे गुडघे दुखतात. चालनं होत नाही. तवा म्हटलं, किसनरावाच्या दमणीतूनच..."

"काही हरकत नाही पाटील," नत्थुजी म्हणाला आणि घरी येऊन माणिकबाईला म्हणाला, "गुडघे त्याचे, अन् दुखनं मले!"

पुढचे दिवस त्याचे फार वाईट गेले. दमणीच्या घुंगरांचा आवाज आला की त्याला करपट ढेकर यायची. किसनराव शेजारच्या अंगणात गढीची गोष्ट मोठ्यानं पाठ करायचा. ती नत्थुजीची गोष्ट. त्याच जागी थांबायचा, त्याच जागी हात वर करायचा, आणि नरनाळ्याच्या तोंडाचा विनोदही करायचा. आपली गाय दुसऱ्याच्या गोठ्यात दूध देताना ऐकावी, तसं नत्थुजीला व्हायचं. त्यात वाईट हे, की विनोद किसनरावाच्या तोंडी जास्त चांगला वाटायचा.

पाहुणे यायच्या आदल्या सकाळी किसनराव वावराच्या बांधावर, धुऱ्यावर आला. बिचारा अदबीनं म्हणाला, "नत्थुभाऊ, बाकी समदं मले येते. त्या ढालवाल्याचं तेवढं सांगा ना. पावन्यानं इचारलं तं काय सांगू?"

आता गंमत अशी, की ढालवाल्याची गोष्ट नत्थुजीलाही येत नव्हती. बाकी ठिकाणी तो मीठमसाला सढळ हातानं टाकी. या दगडापाशी मात्र "कोनी वीर असन, कोन ते माहीत नाही" एवढंच बोलून पुढं सरकायचा. बापानं त्याला तसंच सांगितलं होतं.

पण त्या सकाळी त्याच्या नजरेसमोर चांदीच्या टोप्या चमकल्या.

"सांगतो," तो म्हणाला. "एक चोर होता. मावळतीकडून, नदीपल्याडून आला. आपल्या गावचे बैल चोरून न्याले. आपल्या मानसाईनं त्याले हानला, अन् त्याची आठवन म्हनून हा दगड. चोराले वचक रायला पाह्यजे ना."

नदीपल्याड मावळतीला मोठं गाव एकच: हिवरखेड. पण किसनरावाचं सगळं डोकं दमणीच्या वंगणात. तो "वा वा" करत, गोष्ट घोकत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दमणी घुंगरं वाजवत शिवाराकडं गेली आणि नत्थुजी खाटेवर पडून हसू लागला. महादेवराव दमणीतून रागानं उतरतायत, किसनरावाच्या बैलांच्या शिंगांवरच्या टोप्या गळून पडतायत, असं सगळं त्याला दिसत होतं. माणिकबाईनं विचारलं तेव्हा त्यानं आनंदाच्या भरात सांगूनही टाकलं.

माणिकबाईच्या हातातलं सूप थांबलं. "म्हंजे किसनरावाची फजिती होईन."

"होईन म्हंजे? होऊन राहिली असन!"

"अन् सोयरीक कोनाची मोडन?"

नत्थुजीचं हसू तोंडातच राहिलं. हा विचार त्याला शिवलाही नव्हता. जमुना. लहानपणी त्याच्या मागून गाव दाखवायला फिरणारी, त्याच्याआधी बारवेत उतरून "अन् इथं राणी आंघोळ करे" म्हणून ओरडणारी पोर. तिच्या सोयरिकीच्या मधोमध त्यानं चोर नेऊन उभा केला होता.

तो उठला आणि धावत सुटला. दमणी रस्त्यानं गेली होती, तो धुरे ओलांडत सरळ पऱ्हाटीतून घुसला. बोंडं फुटून पांढरी झालेली, वेचणी राहिलेली. देवळापाशी पोचला तेव्हा धोतराला, मिशांना, पागोट्याला सगळीकडं कापूस. वावरातून वेताळ यावा तसा.

महादेवराव गादीवर ताठ बसले होते. पाटलांचं तोंड उतरलेलं. आणि किसनराव खुशीत सांगत होता, "असा हानला म्हनता चोराले!"

"मावळतीकडून आला म्हनता?" महादेवराव हळूच म्हणाले. "आमच्याच अंगाचा म्हना ना."

किसनरावाचा आ वासलेलाच राहिला.

"थांबा!" नत्थुजी धापा टाकत ओरडला. "किसनराव, अर्धी गोष्ट सांगू नये मानसानं! पुढचं मी सांगतो." मग त्यानं डोळे मिटले. ज्या गावाची पडकी भिंतसुद्धा त्यानं कधी पडकी म्हणून दाखवली नव्हती, त्या गावाबद्दल तो बोलला, "चोर तो नव्हता. चोर आमी."

"काय?" पाटील म्हणाले.

"आमचे लोक. आमच्या लोकाईनं नदीपल्याडचे बैल आनले होते चोरून. तो एकटा आला, आपले बैल घ्याले. एकटा! समद्याईले भारी पडला. शेवटी पडला, पन बैलाची दोरी सोडली नाही हातातून. मंग आमच्या पूर्वजाईले लाज वाटली. त्याईनंच हा दगड उभा केला. गावचा असता तं एवढा मान नसता भेटला त्याले."

महादेवराव गुडघ्यांसकट दमणीतून उतरले. दगडाजवळ जाऊन त्यांनी ढालवाल्याच्या हातावरून बोट फिरवलं. तिथं पावसानं झिजलेलं काहीतरी होतं, दोरी म्हटली तर दोरी.

"हाये!" ते म्हणाले. "दोरी हाये! अरे आमच्या अंगाचा मानूस असाच. एकदा धरलं का सोडत नाही." मग पाटलांकडं वळून, "पाटील, ज्या गावानं वैऱ्याचा एवढा मान राखला, थ्या गावची पोर आमच्या घरी आलीच पाह्यजे."

परतताना पाटील नत्थुजीच्या कानाशी लागले. "आपले पूर्वज चोर होते, हे मले आजच समजलं."

"मलेबी आजच समजलं," नत्थुजी म्हणाला.

मारुतीच्या पारावर सगळा गाव जमला. नत्थुजीनं मिशांतला कापूस काढला, पागोटं सारखं केलं आणि उजवा हात जरा मोकळा ठेवला. महादेवरावांनी विडा उचलला. "आमचा मानूस आमाले दाखवाले ज्यानं आनलं," ते म्हणाले, आणि विडा किसनरावाच्या हातावर ठेवला.

किसनरावानं खाली मान घातली. एकदा नत्थुजीकडं पाहिलं, एकदा विड्याकडं. आणि विडा खाल्ला.

जमुनेचं लग्न धडाक्यात झालं. वरात त्याच दमणीतून निघाली. त्यानंतर दर वर्षी दिवाळीला हिवरखेडचे लोक ढालवाल्याला नारळ फोडायला येऊ लागले. किसनराव त्यांना दमणीतून नेई आणि गोष्ट सांगे. गोष्टीत पुढं वाघ आला, मग पूर आला. साता समुद्रापलीकडचं भांडण मिटलं, कापसाचा भाव बसला, बैलांच्या शिंगांवरच्या टोप्या सोनाराकडं गेल्या, तरी ढालवाल्याची दोरी दर वर्षी लांबतच गेली.

नत्थुजी धुऱ्यावर उभा राहून ऐकायचा आणि आतल्या आत करपायचा. शेवटी एका वर्षी त्याला राहवलं नाही. पुढं होऊन तो पाहुण्यांना म्हणाला, "खरं सांगू का? हा कोन हाये, कोनालेच माहीत नाही. माझ्या बापालेबी नव्हतं."

जमुनेच्या सासरचे लोक एकमेकांकडं पाहून हसले. स्वतः जमुना, कडेवर पोर घेतलेली, मायेनं म्हणाली, "काका, किसनकाकाईवर किती जळता वो तुमी!"

नत्थुजीनं फुटलेल्या नारळातला मोठा तुकडा उचलला, किसनरावाच्या आधी, आणि चघळत चघळत घराकडं निघाला.