लेसची गाठ

कापराच्या मलमाचा वास आला की अमेरिकेतल्या शुगर लँड गावाजवळचा तो हॉल आठवतो. तिथल्या रेसलिंग शोला मी डॉक्टर म्हणून बसायचे. वीस वर्षं रिंगमध्ये काढलेला एक जपानी पैलवान मॅचआधी तपासायला आला. मान ठीक आहे म्हणाला, पण बधिर बोटांनी त्याला बुटांच्या लेस बांधता येईनात. "डॉक्टर, प्लीज, ही शेवटचीच मॅच." बधिर बोटं म्हणजे मानेतली नस दबलेली; मी तेव्हाच मॅच कॅन्सल करायला हवी होती, पण हो म्हटलं. तो जपानी रीतीने आभार मानायला कमरेत वाकला आणि कुणी पाया पडावं तसं सवयीने माझ्या तोंडून "यशस्वी हो" निघून गेलं. लेसही मीच बांधल्या. थोड्याच वेळात रेफरीने डोक्यावर हातांची फुली केली, म्हणजे दुखापत खरी. पायांना स्पर्श कळतोय का बघायला मी त्याचे बूट काढू लागले, तर माझीच गाठ सुटेना. आजही कुणी पाया पडायला वाकलं की माझ्या तोंडून आशीर्वाद फुटत नाही.