लाल चिंधीचा गुलाब

लाल चिंधी पोरीच्या तोंडात होती. मी बोट घालून ओढून काढली, पाठीवर थापट्या मारल्या, ती मोठ्याने रडली तेव्हा कुठे मला श्वास आला. मग वर बघितलं. समोर दोन डबे, दोन्ही डब्यांत नुसती खुंटं, आणि कोणतं खुंट कोणत्या गुलाबाचं ते मला कळेना.

आम्ही गाव सोडून इकडे डिंडोलीत राहतो, शेजारपाजार सगळा गुजराती. गच्चीवर रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांत सासूबाईंचे दोन गावठी गुलाब आहेत. एक सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, गावाहून आणून लावलेला. सासरे गेले, गावचं घर दुसऱ्याचं झालं, त्याने दारातलं मूळ झाड उपटून टाकलं, म्हणजे त्यांच्या हातचं हे एवढंच राहिलं. दुसरा चलथाणचा, मावससासूंच्या अंगणातल्या फांदीचा. दोन्ही फिके गुलाबी, दोन्ही भरगच्च, वासही सारखाच. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी मला खुणेला चिंध्या बांधायला लावल्या. मी घरी साड्यांचे धागे कापायचं काम करते, काठाच्या पट्ट्या पडलेल्याच असतात. गावच्याला लाल बांधली, चलथाणच्याला हिरवी. पोरगी दिसेल ते तोंडात घालते, म्हणून बांधल्या एकदम वरच्या फांदीला.

आणि छाटणीत वरचीच फांदी जाते ना. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनला धुळ्याला दिराकडे गेल्या होत्या. तिथून त्यांचा फोन, दिवाळी झाली, छाटून घे, आणि रविवारी ताई येईल, तिला चलथाणचा डबा दे. ताई म्हणजे माझी नणंद, तिने कतारगामला गॅलरीवालं घर घेतलंय. मी दोन्ही डबे ओढून मध्ये एकत्र आणले, झाडं भराभर छाटली, फांद्यांचा एकच ढीग केला, पोरीला तिथेच ठेवून खाली दूध उतू जाईल म्हणून पळाले, आणि वर आले तर हे असं.

मी हिरव्या चिंधीवाली फांदी शोधून खुंटाला लावून बघितली. याला पण बसते, त्याला पण बसते. काटे बघितले. सासूबाई म्हणायच्या, गावच्याचे काटे बारीक. एका डब्यात खाली बारीक होते, वर जाड. दुसऱ्यात वर बारीक, खाली जाड. पानं चुरगाळून हुंगली, तर माझ्या हाताला आधीच सगळा तोच वास. शेजारच्या बेनला बोलावलं. ती म्हणाली, "आ तो बेय सरखा छे. एटलुं शुं टेन्शन ले छे?" म्हणजे दोन्ही सारखेच, एवढं टेन्शन कशाला. नवरा कापडाच्या कारखान्यात मशीनवर असतो, त्याला फोन केला. खटखटाटात तो ओरडून बोलला, "गुलाब ना? दे उचलून कोणता पण."

"अहो, आबांचा गेला तर?"

"मग आईला सांग की दिला."

त्याला काय, सासूबाईंसमोर दिवसभर बसायचं मला.

रविवारी ताई आली. मी तिला काही बोलायच्या आतच ती गच्चीवर गेली, दोन्ही डब्यांसमोर उकिडवी बसली, आणि माठाजवळचा डबा उचलला. मी म्हटलं, "ताई, तो नक्की चलथाणचाच ना?" ती म्हणाली, "वहिनी, तूच घाबरलीस तर कसं? मला ठाऊक आहे." मला इतकं हलकं वाटलं. मी रिक्षापर्यंत डबा धरायला गेले.

थंडीत दोन्हीकडे फुलं आली. ताईचा फोन आला, हळू आवाजात. "वहिनी, आईला सांगू नको. मी आबांचाच नेला. आईला दादा आहे, तू आहेस, घर आहे. मला माहेरचं काय आहे?" मी विचारलं, "पण तुम्ही ओळखला कसा?" तर म्हणाली, "बघितल्यावर कळलं." बस, एवढंच. आता मला सांगा, बघितल्यावर मला का नाही कळलं? मी रोज पाणी घालते. तिला खरंच कळलं, की तिला तो आबांचा हवा होता म्हणून कळलं?

सासूबाईंच्या ऑपरेशनची तारीख लांबत गेली होती, शेवटी डोळा करून परत आल्या. हिरवा चष्मा लावलेला, अजून धूसरच दिसतं. आल्या आल्या जिना चढल्या. मी मागून पोरीला कडेवर घेऊन. त्यांनी फूल हुंगलं. परत हुंगलं. बोटांनी देठ चाचपला, पानं चाचपली, आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं.

"वास तर तोच शे," त्या म्हणाल्या. "पन माले आता काईच समजत नई व. चिंधी तू बांधेल व्हती ना, मंग तूच सांग. हाऊच शे ना त्यासना?"

हा सासऱ्यांचाच ना, असं विचारत होत्या. हो म्हटलं, तर ताईचं खरं निघाल्यावर मी खोटी. नाही म्हटलं, तर ताई चोर, आणि ते पण चुकीचं असेल तर? माहीत नाही म्हटलं, तर या बाईकडे सासऱ्यांचं काहीच उरत नाही. त्या माझा हात धरून उभ्या होत्या, पोरगी फुलाकडे झेपावत होती.

तुम्ही काय सांगितलं असतं?